संसाराचं टोक

फेब्रुवारी आला की आमच्या गल्लीला कंठ फुटतो. बोर्डाची परीक्षा तोंडावर आलेली असते आणि उज्जैनच्या माधव नगरातल्या प्रत्येक खिडकीतून कुणी ना कुणी घोकत असतं. एकीकडे समीकरणं, दुसरीकडे दोह्यांचे अर्थ, मध्येच कुकरची शिट्टी, तीही पाठ केल्यासारखी. ऊन अजून चावत नाही. पोह्याच्या गाडीवरची वाफ सकाळी उशिरापर्यंत दिसते. हातगाडीवर हिरव्या हरभऱ्याच्या जुड्या आलेल्या असतात. आणि वरच्या मजल्यावरची पिंकी गच्चीवर फेऱ्या मारत ओरडते, "स्थल का वह नुकीला भाग, जो समुद्र में दूर तक चला गया हो, अंतरीप कहलाता है!"

माझा चहाचा कप अर्ध्यातच थांबतो.

वाक्य पुस्तकातलंच आहे, पण आमच्या घरात ते बाबांचं. बाबा देवास गेटजवळच्या एका शाळेत भूगोल शिकवायचे, हिंदी मीडियमला. उजवा हात टेबलाबाहेर काढायचे, पहिलं बोट सरळ समोर, आणि म्हणायचे, "ये देखो. हाथ भारत, उंगली अंतरीप. नाखून के बाद समुद्र." मागच्या बाकावरून कुणीतरी विचारायचंच, "सर, और नाखून काट लिया तो?" "तो तू फेल." सगळा वर्ग हसायचा. मी पण. मी त्याच वर्गात बसायचो. घरी बाबा, शाळेत सर, सुटका कुठेच नाही.

गंमत अशी की बाबांनी समुद्र पाहिलाच नव्हता. आमचे पूर्वज कुठल्यातरी सरदाराच्या दफ्तरात कारकून म्हणून इकडे आले आणि परत जायचं विसरले, असं बाबा सांगायचे. तेव्हापासून आमच्या घराण्याने पाणी पाहिलं ते शिप्रेचं, तेही उन्हाळ्यात घोट्याएवढं. सुट्टी लागली की पेपर तपासणं, नाहीतर ग्वाल्हेरला कुणाचं तरी लग्न. समुद्र राहून गेला. तरी बाबा भरती-ओहोटी अशी शिकवायचे की पहिल्या बाकावरची पोरं पाय वर घ्यायची.

माझं म्हणाल तर मी नकला करतो. पोट त्याच्यावर चालत नाही, पण ओळख त्याच्यावरच आहे. गल्लीतला कुल्फीवाला, बँकेतल्या मॅडम, नानाखेड्याच्या बस स्टँडवर "इंदौर इंदौर इंदौर" करत नाकातून ओरडणारा कंडक्टर, सगळे माझ्या गळ्यात भाड्याने राहतात. बाबांची नक्कल मी पाचवीपासून करायचो. ते वर्गात यायच्या आधी मी दाराआडून "पुस्तक निकालो" म्हटलं की सगळी पोरं खरंच पुस्तक काढायची. एकदा बाबा मागेच उभे होते. मारलं नाही. म्हणाले, "'निकालो' में 'लो' लंबा है, गधे. ठीक से कर." तेव्हापासून ते मला मिठ्ठू म्हणायला लागले. आई मंदार म्हणते, कारण कुणीतरी म्हणायला हवं.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षीच्या फेब्रुवारीत बाबांचा आवाज बसला होता. दिवाळीपासूनच बसलेला. आम्हाला वाटलं, मास्तरांचा घसा, खडू गेला असेल. मुलेठी झाली, हळदीचं दूध झालं, आत्याचं कुठलंसं चूर्ण झालं. मग इंदूर झालं, आणि तिथे गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर तरुण होता, भला माणूस, बोलताना पेन उघडझाप करायचा. "देखिए सर, आवाज़ जाएगी, आप रहेंगे." बाबांनी विचारलं, "और आवाज़ रखनी हो तो?" डॉक्टर पंख्याकडे बघत राहिला. बाहेर आल्यावर मी त्याची नक्कल केली, पेनाच्या टकटकीसकट. आई म्हणाली, "मंदार, तोंड मिट." बाबा मात्र हसले, फाटलेल्या भोंग्यासारखे. आणि म्हणाले, "नाही करायचं ऑपरेशन. मुका मास्टर म्हणजे काय, बिनपाण्याचा नळ."

पंधरवडाभर घरात हेच चाललं. आई रडून बघायची, रागावून बघायची, आत्याला फोन लावून बघायची. बाबा टीव्हीचा आवाज वाढवायचे. शेवटी एक दिवस जेवताना म्हणाले, "आधी मला अंतरीप दाखवा. खरंखुरं. मग बघू." आईने "मग बघू" एवढंच ऐकलं आणि बॅग काढली.

कुठलं अंतरीप, तर बाबांना नावाजलेलं नको होतं. नकाशावर बोट फिरवत ते कोकणातल्या एका अशा टोकावर थांबले, की ज्याच्या शेजारी छापायला नाव नव्हतं. मीही त्याचं नाव सांगत नाही. तिथल्या लोकांनी आमचं काही वाईट केलेलं नाही, उगाच तुम्ही सगळे पोचाल.

जाणं म्हणजे खरी यातायात. हिंदीत यातायात म्हणजे वाहतूक आणि मराठीत हालअपेष्टा, हे एकच आहे असं मला त्या प्रवासात पटलं. उज्जैनहून रेल्वे, मग दुसरी रेल्वे, मग एसटी, मग आणखी एक एसटी, तिच्यात आमच्याबरोबर फणसाची रोपं. शेवटी रिक्षा. बाबा रिक्षावाल्याला खरखरत म्हणाले, "भैया, अंतरीप जाना है." तो म्हणाला, "तसला हॉटेल हय नाय." मी सांगितलं, "भूशिर." तो आणखीच घाबरला. मग आईने हात लांब करून बाबांसारखं बोट दाखवलं. तसा तो म्हणाला, "टोकार जाऊचा हा! मगे तसा सांगा की." बाबा खुश. संपूर्ण रस्ता पुटपुटत होते, "टोक. अरे वा. टोक."

ज्यांच्याकडे उतरलो त्या काकू एकट्या राहायच्या, वाडीतल्या शेवटच्या घरात. मुलगा गोव्याला कामाला. चुलीजवळ उकिडव्या बसून त्या भाकऱ्या थापायच्या आणि आमच्या मराठीला हसायच्या. मी 'हो'ऐवजी "हओ" म्हटलं की हसायच्या, "परेशान" म्हटलं की हसायच्या. मी दुसऱ्याच जेवणाला त्यांची नक्कल करून दाखवली, "काय गो बाये, खंयसून इलास?" त्यांनी लाटेसारखा हात उगारला आणि एक भाकरी जास्त वाढली.

त्याच जेवणाला त्यांनी विचारलं, "त्या टोकार काय हा? आमची गुरां पण फिरकणत नाय थंय. इतक्या लांबसून कित्याक इलात?"

बाबा ताटाकडे बघत म्हणाले, "संसाराचा शेवट बघायचा होता. एकदाच."

काकूंचा हात थांबला. त्यांनी बाबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. त्यांचा चेहरा एकदम पडला. आईला मनगटाला धरून त्या मागच्या पडवीत घेऊन गेल्या. आम्हाला कुडातून सगळं ऐकू येत होतं. "गो बाये, खरा सांग. मारता काय तो तुका? पोराक घेऊन काडीमोड करूक इलात? ह्या वयात?"

आमच्याकडे संसार म्हणजे जग. हिंदीत तसंच असतं, आणि आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तिकडचं पाणी पिऊन तसंच बोलतो. बाबांना म्हणायचं होतं जगाचं टोक. काकूंनी ऐकलं ते मराठीत. आईला आधी कळेना, मग कळलं, मग ती जी हसायला लागली! पडवीतून तिचं हसू येत होतं, आत बाबांचा फाटका भोंगा, मी घशातल्या भाकरीसकट खोकत होतो. आई समजावत होती, "नाही हो काकू, तसं नाही, ते दुनिया म्हणतायत, दुनिया." आणि मग तिचं हसणं मधूनच तुटलं. म्हणजे ओसरलं नाही, तुटलं. ती आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही टोकावर गेलो.

मी समुद्र सिनेमात पाहिला होता, तिथे तो निळा असतो आणि त्याला म्युझिक असतं. इथे आधी कातळ. काळा-तांबडा, उन्हात भाजलेला, पोळीवर डाग पडतात तसा भोकाभोकांचा. त्यावर वाळलेलं पिवळं गवत, सगळं एकाच बाजूला झोपलेलं. विजेचा शेवटचा खांब मागे राहिला. मग झाडं संपली. मग पायवाट संपली. मग दोन्ही बाजूंनी पाणी जवळ जवळ यायला लागलं, जसं कुणी गुपचूप गल्लीची दोन्ही टोकं अडवतं. वारा एवढा की आपलंच बोलणं आपल्या मागे पडायचं. कड्याखाली फटीत पाणी घुसायचं आणि आतून असा आवाज यायचा की मी पहिल्यांदा एखादा आवाज ऐकून तो गळ्यात घालून बघितला नाही.

तिथे काहीच नव्हतं. मोडलेली लोखंडी चौकट एक, कधीतरी दिवा असेल तिच्यावर. खडकावर वाळलेली शिट पक्ष्यांची. पुढे नुसतं पाणी आणि त्याच्या पुढे नुसतं काहीच नाही. मला वाटलं होतं, जगाच्या टोकाला पोचल्यावर माणसाला मोठं काहीतरी वाटत असेल. मला वाटलं की बाबांना इथे आणायला नको होतं. इथून मागे वळायचं कारण सापडत नाही.

बाबा अगदी पुढे गेले. आईने माझा हात घट्ट धरला, पण त्यांना हाक मारली नाही. ते उभे होते, शर्ट फुगलेला, पायजमा पायांना चिकटलेला, एवढे बारीक झालेत हे मला तेव्हा दिसलं. मी जवळ गेलो. त्यांनी तिन्ही बाजूंना पाहिलं आणि म्हणाले, "मिठ्ठू, याच्यापुढे सिलेबस नाही."

मी हसलो. हसायचंच असतं.

तेवढ्यात आई आली. आईला उंचीची भीती वाटते, ती आमच्या गच्चीच्या कठड्यापाशीही जात नाही. ती खडकावर हात टेकत टेकत आली, बाबांच्या मागे बसली आणि वाऱ्यात ओरडून म्हणाली, "हिंदीतला संसार बघून झाला का?"

बाबा वळले.

"झाला असेल तर आता मराठीतल्या संसाराचं काय ते सांगा. तो मी आहे. माझं टोक दाखवायला आणलंत का मला इथे?"

बाबांनी काहीतरी उत्तर दिलं. वाऱ्याने ते नेलं, किंवा तेवढा आवाजच उरला नव्हता. आई म्हणाली, "ऐकू नाही आलं." बाबा परत बोलले. परत नाही आलं. आई म्हणाली, "बघा. आत्ताही मला ऐकू येत नाहीये, आणि मी इथेच आहे ना? की गेले सोडून?"

बाबा खाली तिच्या शेजारी बसले. मग त्यांनी तिच्या कानाला तोंड लावून सांगितलं. मला नंतर आईकडून कळलं. म्हणाले होते, "इंदूरला फोन कर."

मला हे इथेच थांबवता आलं असतं तर बरं झालं असतं. लोकांना मी एवढंच सांगतो. माकडासारखा काकूंचा आवाज काढून "काडीमोड" सांगितलं की लग्नाच्या पंगतीत हमखास हशा येतो.

ऑपरेशन झालं. बाबांच्या गळ्याला पुढून एक भोक पडलं आणि श्वास तिथून यायला लागला. ते शिंकले की मान शिंकायची. आवाज गेला म्हणजे किती गेला, ते घरी आल्याशिवाय कळत नाही. माणूस चिडला तरी गप्प, झोपेत दचकला तरी गप्प. मागच्या खोलीतून हाक येत नाही. बाबा वाटी वाजवायचे, नाहीतर टाळी. सुरुवातीला टाळी वाजली की मी उंबऱ्यात कुत्र्यासारखा शेपूट हलवत जायचो. बाबा हसायचे, खांदे हलायचे नुसते.

दवाखान्यातच ते सुरू झालं होतं. बाबा सिस्टरला ओठांनी काहीतरी सांगत होते, तिला कळत नव्हतं, आणि माझ्या तोंडून त्यांच्या आवाजात निघून गेलं, "सिस्टर, ज़रा पंखा कम कर दीजिए." सिस्टरने दचकून बाबांच्या गळ्याकडे पाहिलं. शेजारच्या खाटेवरचे भिया, म्हणजे इंदुरी भैया, उठून बसले. आणि बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जसं हरवलेलं पाकीट कुणीतरी परत आणून दिलंय.

मग मी त्यांचा भोंगा झालो. दूधवाल्याशी, गॅसवाल्याशी, घरी भेटायला आलेल्या जुन्या पोरांशी, ज्यांना आता पोटं सुटलीत. ओठ त्यांचे, आवाज माझ्यातला त्यांचा. फोनवर आत्या विचारायची, "दादा, कसा आहेस रे?" मी म्हणायचो, "मस्त," कारण ते तसं म्हणायचे. आत्याला माहीत होतं की मी आहे. तरी ती दादाशीच बोलायची. एकच नियम होता: मी एकही शब्द आपला घालायचा नाही. घातला की बाबा दंडाला चिमटा काढायचे. ते मला ओठांनी शिव्या द्यायचे आणि त्या मलाच मोठ्याने द्याव्या लागायच्या. "गधे, ठीक से बोल!" असं मी मला कितीदा म्हटलंय.

आईला ते आवडायचं. ती स्वयंपाकघरातून विचारायची, "अहो, भाजीत मीठ बरोबर होतं ना?" आणि मागच्या खोलीतून बाबांच्या खणखणीत आवाजात उत्तर यायचं. ती मुद्दाम बघायला यायची नाही. मला वाटतं, तेवढ्या वेळापुरते तिला ते तसेच हवे असायचे.

परत फेब्रुवारी आला. गल्लीला परत कंठ फुटला. आणि बाबांच्या फुप्फुसातही गाठ सापडली. डॉक्टरने परत पेन टकटकवलं. सलाईनमधून औषध, मग थांबून परत औषध. "कोशिश करते हैं." मी त्याची नक्कल केली नाही. पहिल्या औषधानंतर बाबांना कूस बदलायलाही मी लागायचो. दुसऱ्यासाठी सोमवारी जायचं होतं.

शनिवारी दुपारी आई बाबांच्या पायाशी बसून हरभरे सोलत होती. पेपर पसरलेला, त्यावर साली, हिरवा वास सगळ्या खोलीत. इंदूरला कुणाची गाडी सांगायची ते ती बोलत होती. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि ओठ हलवले.

मी पेपरावरच्या साली एका बाजूला सारायला लागलो.

त्यांनी परत हलवले. मला पहिल्याच वेळी कळलं होतं. आईने मान वर केली. "काय म्हणतायत?" बाबांचा हात माझ्या दंडाकडे आला. चिमट्यात जोर नव्हता, नुसती दोन बोटं टेकली.

मग मी त्यांच्या आवाजात म्हणालो, "आता इंदूर नको. पुरे झालं. मला जाऊ दे."

आई हरभरे सोलत राहिली. "कोण बोललं हे?"

"बाबा."

"तू बोललास."

"आई, मी एक शब्द घातला नाहीये."

"असं ते बोलणारच नाहीत." ती बाबांकडे बघत नव्हती, माझ्याकडेही नाही, त्या पेपराकडे. "ऐक ना तो आवाज. कसा ठणठणीत आहे. वर्गात उभा आहे तो माणूस. असा माणूस म्हणतो मला जाऊ दे, आणि मी कसं मानू रे? त्याला झालंय काय?"

मला बाबांचा तोच एक आवाज येत होता. आजारी आवाज मी कधी शिकलोच नव्हतो.

"त्यांच्या आवाजात नको," आई म्हणाली. "तुझ्या आवाजात सांग."

मी खाकरलो. मला वाटतं, मी इतकी वर्षं तो आवाज फक्त दुकानात सुटे मागायलाच वापरला होता. तो बारीक आला, मध्येच चिरला, कुणाच्याच नकलेत बसेना असा. "आई, बाबांना सोमवारी जायचं नाहीये. त्यांना सहन होत नाहीये आता."

आईने मांडीवरच्या साली झटकल्या. उठली. खाटेच्या कडेवर बाबांच्या उशाशी बसली, त्यांच्या तोंडासमोर तोंड आणून.

"मग कुठे राहायचंय?" तिने त्यांना विचारलं.

बाबांचे ओठ हलले. सवयीने मी आवाज लावायला तोंड उघडलं.

"तू थांब," आई म्हणाली. "घरी म्हणतायत. दिसलं मला."